भविष्य समिती काढताय? जरा थांबा

राजेहो, एकट्याने कारखाना बुडवण्यात काय मजा? चार-पाच कंपन्यांनी मिळून भविष्याचा वेध घ्यावा. आपल्या नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरी औद्योगिक वसाहतींत शेजारी सहज मिळेल. तो स्पर्धक असला तर फारच छान. खरे आकडे तोही आणणार नाही, तुम्हालाही आणावे लागणार नाहीत.

बैठक वर्धा रोडवरच्या हॉटेलात ठेवा. तर्री-पोह्यांत कंजुषी नको, कारण दुसऱ्या प्लेटनंतर २०४७ फार स्पष्ट दिसू लागतं. मग कोणीतरी शेल या तेल कंपनीचं नाव काढावं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पिअर वॅक यांच्या चमूने वरिष्ठांपुढे एकाऐवजी अनेक भविष्यं मांडली. त्यात तेल एकाएकी महागण्याचंही होतं, आणि १९७३ मध्ये ते महागलंच. यातून आपण एवढंच घ्यायचं, की स्लाइड्स भरपूर हव्यात. आपल्याला तीन भविष्यं पुरतात: चांगलं, फार चांगलं, आणि विमानतळाजवळचं मिहान उद्योगक्षेत्र पूर्ण भरल्यावरचं.

डेल्फी पद्धतही वापरून बघा. रँड या अमेरिकी संस्थेने ती १९५०च्या दशकात काढली. तज्ज्ञांनी नाव न सांगता लेखी मत द्यायचं, सगळ्यांची मतं सगळ्यांना दाखवायची, पुन्हा विचारायचं. मोठ्या साहेबांचं तोंड बघून कोणी बोलू नये, म्हणून हा खटाटोप. आमच्याकडे चिठ्ठ्या गोळा करायला अध्यक्षच उठले. पहिल्याच फेरीत एकमत! रँडला जन्मात जमलं नसतं.

जोखमीच्या तक्त्यात पावसाचाही एक रकाना ठेवावा, रिकामा चालतो. आमचं ऑफिस अंबाझरी लेआउटमध्ये, तळमजल्यावर. व्हिजनची दोनशे पुस्तकं छापून आली, तेव्हा चहावाला पोरगा म्हणाला, "साहेब, हे वर ठेवा ना, नाल्याचं पाणी येते इथं." त्याला सांगितलं, बापा, हा विषय अजेंड्यावर नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. आमची पुस्तकं फुगून एकमेकांना अशी चिकटली, की पाच कंपन्यांचे लोगो सुटता सुटेनात. इतकं घट्ट सहकार्य आमच्यात आधी कधीच झालं नव्हतं.

पुढच्या बैठकीत त्या रकान्यात एकमताने लिहिलं, 'कोणालाच कल्पना नव्हती.' चहा त्याच पोरानं दिला.