हुर्यो कुणाच्या वाट्याला आली? 'एक क्रिकेटप्रेमी' यांना उत्तर

'एक क्रिकेटप्रेमी' या नावाने आलेली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 2024 च्या आयपीएलआधी मुंबई इंडियन्सने रोहित शर्माला काढून हार्दिक पंड्याला कर्णधार केलं. त्यावरून वानखेडेवर हार्दिकची जी हुर्यो उडाली, ती संघाला वेळेवर नीट बोलून बरीच कमी करता आली असती, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: लोकांनी हार्दिकला पुन्हा जवळ केलं ते 2024 च्या टी-20 वर्ल्ड कप फायनलच्या शेवटच्या षटकामुळे, कुणाच्या निवेदनामुळे नाही. संघ खासगी मालकीचा आहे, तो कुणालाही उत्तर द्यायला बांधील नाही. चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणातल्या ऑस्ट्रेलियन कर्णधार स्टीव्ह स्मिथचं उदाहरण मी उगाच ओढलं. आणि शेवटी हे वाक्य: "एसीत बसून पत्रकं लिहिणाऱ्यांनी मैदानात घाम गाळणाऱ्यांना शहाणपण शिकवू नये."

लेख लांबला होता आणि स्मिथचा भाग घाईत उरकला गेला, हे मला मान्य आहे. ती तक्रार रास्त आहे.

पण त्या शेवटच्या वाक्याबद्दल बोललंच पाहिजे. स्वतःचं नाव न देता दुसऱ्याच्या पोटापाण्याच्या कामावर असं लिहिणं सोपं असतं. माझे वडील आझाद मैदानावर क्लबच्या सामन्यांचे स्कोअरर होते. कांगा लीगच्या दिवसांत, पाऊस उघडायची वाट बघत, ओल्या तंबूत त्यांच्याशेजारी बसून मी क्रिकेट शिकलो. तिथे हरलेल्या कर्णधाराला काय काय ऐकावं लागतं ते मी शाळेत असल्यापासून ऐकत आलोय. मैदान मला टीव्हीवरून कळलेलं नाही.

नोकरीत तर त्याहून जवळून कळलं. काही वर्षं मी एका लीगमधल्या संघाचं माध्यमांचं काम बघत होतो. संघाचं नाव सांगणार नाही. हंगामाच्या मध्यावर मालकांनी कर्णधार बदलला. मी निवेदन लिहिलं: निर्णय कुणी घेतला, का घेतला, जुन्या कर्णधाराशी कुणी बोललं. मसुदा वकिलांकडे गेला, तिथून मालकांच्या कार्यालयात, आणि परत आला तेव्हा 'का' असलेली प्रत्येक ओळ कापलेली होती. उरलं ते एवढंच: 'संघव्यवस्थापन सर्व खेळाडूंच्या पाठीशी ठाम उभे आहे.' जुन्या कर्णधाराला बातमी कळली ती एका वार्ताहराच्या फोनवरून, हॉटेलात जेवताना. ताट तसंच ठेवून तो उठला.

आणि नवा कर्णधार, कोवळा मुलगा, दुसऱ्या दिवशी सरावानंतर माझ्याकडे आला. बाहेर कॅमेरे लावून सगळे बाईटसाठी थांबले होते. "दादा, मी त्यांना काय सांगू?" असं त्याने विचारलं. त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे काहीही नव्हतं, कारण मला काही सांगायची परवानगीच नव्हती. पुढचे सगळे सामने त्या पोराने शिव्या खाल्ल्या, ज्या निर्णयात त्याचं एक अक्षरही नव्हतं त्यापायी. पत्रकं लिहिणाऱ्यांना घाम गाळणाऱ्यांचं दुःख कळत नाही, हे मला कृपा करून शिकवू नका.

म्हणूनच 18 मार्च 2024 ची मुंबई इंडियन्सची पत्रकार परिषद बघताना माझ्या पोटात खड्डा पडला. हार्दिक आणि संघाचा तेव्हाचा प्रशिक्षक मार्क बाऊचर शेजारी शेजारी बसलेले. प्रश्न आला, रोहितला बदलण्याचं कारण काय? माइक बाऊचरच्या हातात होता. त्याने मान हलवली आणि तो काहीच बोलला नाही. रोहितबद्दल जे काही बोलायचं ते हार्दिकलाच बोलावं लागलं. रोहितचा हात माझ्या खांद्यावर असेल, असं तो म्हणाला. 2013 पासून पाच विजेतेपदं मिळवून देणारा कर्णधार काढताना 15 डिसेंबर 2023 ला संघाने वारसा जपणं आणि भविष्याची तयारी अशी भाषा वापरली होती. फेब्रुवारीत बाऊचर एका मुलाखतीत हा निव्वळ क्रिकेटचा निर्णय होता असं म्हणाला, आणि त्यावर रोहितच्या पत्नीने जाहीरपणे, यातल्या बऱ्याच गोष्टी चुकीच्या आहेत असं लिहिलं. इतकं होऊनही मार्चमध्ये उत्तर तयार नव्हतं! तीन महिने हातात होते.

मग 1 एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरला माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. सामन्यात रोहितने स्वतः हाताने खुणा करून लोकांना थांबवलं. म्हणजे जे काम संघाच्या कार्यालयाने डिसेंबरात करायचं, ते समालोचक आणि पदावरून काढलेला कर्णधार एप्रिलमध्ये करत होते. दादर-माटुंग्याच्या गल्लीत खेळून मोठे झालेले लोक रोहितसाठी चिडणार, हे कळायला कुठली जनसंपर्क एजन्सी लागत नाही. त्यांना कारण हवं होतं. ते न मिळाल्यावर समोर जो माणूस दिसला त्याच्यावर राग निघाला.

'मालक उत्तर द्यायला बांधील नाही' हे कायद्याने खरं असेल. कायद्याचा मुद्दा मी मांडलाच नव्हता.

शेवटच्या षटकाचं म्हणाल, तर मीही ते श्वास रोखून पाहिलंय. दक्षिण आफ्रिकेला 16 धावा हव्या होत्या, चेंडू हार्दिकच्या हातात, पहिल्याच चेंडूवर मिलर उडाला आणि सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल घेतला. आपण 7 धावांनी जिंकलो. 4 जुलैला त्याच वानखेडेवर हार्दिकचा जयजयकार झाला. सूर्याचा पाय दोरीला लागला असता तर? तुमच्या हिशेबाने मग हार्दिकने आयुष्यभर शिव्या खाव्यात का? यावर मला आणखी वाद घालायचा नाही.

स्मिथबद्दलही दोनच वाक्यं. चेंडू कुरतडणं आणि कर्णधार बदलणं एक आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लेख पुन्हा वाचा. 24 मार्च 2018 ला केपटाऊनला त्या संध्याकाळी स्मिथ आणि त्याचा सहकारी बँक्रॉफ्ट पत्रकारांपुढे आले, चेंडू कुरतडायला वापरलेली पिवळी वस्तू म्हणजे चिकटपट्टी असं सांगितलं, काही दिवसांत तो सँडपेपर निघाला, आणि अर्धवट खरं बोलण्याने आधीचा राग दुप्पट झाला, एवढंच मला दाखवायचं होतं. एका संघाने काहीच सांगितलं नाही, दुसऱ्याने निम्मं सांगितलं.

तुमची पुढची प्रतिक्रियाही छापीन. फक्त ती लिहिण्याआधी 18 मार्चची ती पत्रकार परिषद सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा, बाऊचरकडे नव्हे, हार्दिकच्या चेहऱ्याकडे बघा, आणि नावानिशी लिहा.