पुढच्या ब्रेकच्या कामाबद्दल आलेल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार. आमच्या घोडबंदर रोडवरील गॅरेजला एक तारा देताना आपण लिहिले आहे की, मोटारसायकलचा पुढचा ब्रेक मऊ लागत होता, ब्रेकच्या नळीतील नुसती एअर (हवा) काढून काम भागले असते, तरी आम्ही मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढे ढकलणारा भाग) उघडून त्याचे किट (आतला पिस्टन आणि रबरी कप) बदलले, पॅड (डिस्कला घासून चाक थांबवणारे तुकडे) तसेच ठेवले आणि गाडी दोन दिवस अडकवली. आपल्या ओळखीच्या मेकॅनिकचेही मत तसेच असल्याचे आपण म्हटले आहे.

लिव्हर दोन-तीनदा पटापट दाबला की घट्ट होत होता, हे खरे आहे. बहुतेक जण याच एका लक्षणावरून एअर आली असे ठरवून मोकळे होतात. परंतु गाडी जमा करताना आपण स्वतः सांगितले होते, आणि जॉब कार्डावर तसे लिहिलेलेही आहे, की माजिवड्याच्या सिग्नलला ब्रेक धरून उभे राहिले की लिव्हर हळूहळू मुठीकडे येतो. आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच होती. नळीत एअर असेल तर लिव्हर स्पंजासारखा दबतो, पण कुठेतरी थांबतो आणि धरून ठेवला तर तिथेच राहतो. आपल्या गाडीचा लिव्हर घट्ट झाल्यावरही सलग दाबाखाली खाली बसतच जात होता.

असे होण्याचे एक कारण म्हणजे बाहेरची गळती, म्हणून नळीचे जोड, बोल्टखालचे वॉशर आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनभोवतालची जागा आधी पाहिली. सर्व कोरडे होते आणि ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळीही उतरलेली नव्हती. त्यानंतर आम्ही एअर काढण्याचे कामही केले. ऑइल गडद तपकिरी निघाले, बुडबुडे मात्र आले नाहीत, आणि नवे डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल भरूनही लिव्हर पूर्वीसारखाच बसत राहिला. तेव्हा शंका मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी कपावर येते. लिव्हर झटकन दाबला की ऑइलच्या दाबाने कपाची कड सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि ब्रेक ठीक वाटतो. हळुवार आणि सलग दाबला की झिजलेल्या कडेवरून ऑइल मागे डबीत परतते, त्यामुळे बाहेर थेंबही दिसत नाही.

पॅड बदलले नाहीत, कारण त्यांवरील झिजेची खाच अजून स्पष्ट दिसते. शिवाय डिस्क ब्रेकचे पॅड झिजत जातात तसे कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकतात, त्यामुळे लिव्हरची चाल फारशी वाढत नाही, डबीतील पातळी मात्र उतरते. खरे तर पॅड विकणे आम्हाला अधिक सोपे गेले असते.

एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागत नव्हता, मग ब्रेक बिघडला कसा, असेही आपण विचारले आहे. तो दिवा प्रामुख्याने चाकाचे सेन्सर आणि विजेच्या भागातील बिघाड दाखवतो. मास्टर सिलिंडरचा कप झिजल्याचे त्याला कळत नाही.

दोन दिवस लागले ते किट मागवण्यासाठी, कारण सिलिंडरच्या मापाचेच किट बसवावे लागते. तोपर्यंत गाडी द्या, असा आपला आग्रह होता. आपण रोज गायमुखचा उतार उतरता, आणि जोराने ब्रेक लावताना गाडी थांबवण्याचा मोठा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून आम्ही नकार दिला आणि पुन्हा अशी वेळ आली तरी देणार नाही.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर त्याला वावच मिळतो. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषल्यानंतर हीच मर्यादा १५५ अंशांची आहे. शिवाय त्या ओलाव्याने सिलिंडरची आतली भिंत गंजू लागते. आपल्या सिलिंडरची भिंत सुदैवाने गुळगुळीत होती, म्हणून किटवर निभावले, अन्यथा संपूर्ण सिलिंडर बदलावा लागला असता. ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे.

जुना पिस्टन आणि कप आपल्या जॉब कार्डासोबत पिशवीत ठेवले आहेत. आपल्या मेकॅनिकना सोबत घेऊन कामाच्या वेळेत कधीही यावे. कपाची झिजलेली कड त्यांना दाखवू आणि लिव्हर धरून ठेवण्याची चाचणी आपल्यासमोर पुन्हा करू, त्याचा कोणताही आकार घेतला जाणार नाही.

— गॅरेजचालक, ठाणे