काकांची सम

कालपासून मी उजवा खांदा धरून बसलेय आणि काका भेटेल त्याला सांगताहेत, "पोरीने रूपक वाजवला. बरा होता. जरा लय पळाली."

तबल्यातला सात मात्रांचा रूपक ताल नव्हता तो! रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हच्या सातव्या पियानो सोनाटाचा शेवटचा भाग होता. जेमतेम सव्वातीन मिनिटांचा. १९४३ च्या जानेवारीत मॉस्कोत पियानोवादक रिख्टरने तो सोनाटा पहिल्यांदा वाजवला, तेव्हा अख्खा चार दिवसांत बसवला होता. मला या एका भागाला आठ महिने लागले. असो.

पानं उलटायला कोणी मिळेना, म्हणून सोसायटीतले तबलावाले काका. त्यांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येत नाही, म्हणून ठरलं की मी मान हलवली की उलटायचं. तालमीलाच त्यांनी हिशोब काढला.

"सात मात्रा ना? तीन-दोन-दोन."

"नाही काका, दोन-तीन-दोन."

काका डोळे मिटून मांडीवर ठेका धरून बसले. "धी ना, तीं तीं ना, धी ना... अगं, म्हणजे सहाव्या मात्रेपासून उचललाय! सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तुझ्या तिसरीवर."

"यात सम नसते."

"नसते? मग माणसांनी दाद द्यायची कुठे?"

मी समजावलं. १९४२ साली, ऐन युद्धात पुरी झालेली रचना आहे. डावा हात तेच तीन स्वर यंत्रासारखे ठोकत राहतो. कुणी यात विजय वाजवतं, मी भीती वाजवणार आहे. वर याच सोनाटाला सोव्हिएत सरकारचं स्टालिन पारितोषिक मिळालं.

"म्हणजे सरकारला भीती ऐकू आली नाही," काका म्हणाले. "ठेका झकास असला की असंच होतं."

हे वाक्य मला सुचायला हवं होतं, याचा राग अजून आहे.

प्रत्यक्ष कार्यक्रमात काय झालं, तर या संगीतात मान दर आवर्तनाला हलतेच. तिसऱ्याच ओळीला काकांनी पान उलटलं. मी 'नको, नको' म्हणून जोरात मान हलवली. त्यांनी आणखी एक उलटलं. मग पुढचं सगळं आठवेल तसं, आणि त्यात दर तिसऱ्या मात्रेवर कानाशी "क्या बात है!" पुढच्या दोन रांगांनी टाळ्यांचा ठेका धरला. आठ महिने जपलेल्या भीतीचं भजन झालं.

रात्री रेकॉर्डिंग मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारं यंत्र, लावून ऐकलं. लय पळालीय. पण पानंच पळत होती, तिथे लय एकटी थांबून काय करणार?