‘एन दाबा आणि मोकळे व्हा’: प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: उबंटू लिनक्स अपग्रेड करताना कॉन्फिग फाइलचा (प्रोग्रामच्या सेटिंग्जच्या फाइलचा) ‘जुनी ठेवू की नवी घेऊ’ हा प्रश्न आला की डोळे मिटून ‘एन’ दाबायचं, जुनी फाइल राहते, नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यातले सर्व्हर असेच चालतात, मग फाइली ताडून बघण्याचा खटाटोप कशाला?

जुनी फाइल राहते, हे खरं. ती नव्या प्रोग्रामला चालेलच, याची हमी कोणी दिली? उबंटूच्या 18.04 आवृत्तीवरून 20.04 वर जाताना मायएसक्यूएल हा डेटाबेस 5.7 चा 8.0 होतो. 18.04 च्या मूळ मायएसक्यूएलडी.सीएनएफ या त्याच्या कॉन्फिग फाइलमध्येच क्वेरी_कॅश_साइझ ही ओळ होती, आणि 8.0 मधून क्वेरी कॅश काढूनच टाकलं. शेजारच्या मशीनवरून जोडता यावं म्हणून तुम्ही फक्त बाइंड-अ‍ॅड्रेस (कोणत्या पत्त्यावर जोडणी घ्यायची ती ओळ) बदललेला असतो, म्हणून प्रश्न येतो. ‘एन’ दाबलंत की ती ओळ तशीच राहते, सर्व्हर ‘अननोन व्हेरिएबल’ म्हणून उठत नाही आणि पॅकेजही अर्धवट लटकतं. तिथे आधी ‘डी’ दाबून फरक बघितला असता, तर दोन मिनिटांचं काम होतं.

मुळात हा प्रश्न कधी येतो? पूर्वी आलेल्या फाइलची खूण डीपीकेजीकडे, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामकडे, असते. तुम्ही हात लावला नसेल तर नवी फाइल गुपचूप बसते. फक्त तुम्हीच बदल केला असेल तर जुनी गुपचूप राहते. तुम्ही आणि पॅकेजवाल्यांनी, दोघांनीही बदल केला तरच विचारणा होते. म्हणजे जिथे विचारलंच नाही, तिथे ‘एन’चा काय उपयोग? 20.04 वरून 22.04 ला वेबसाइट चालवणारं पीएचपी 7.4 चं 8.1 होतं आणि त्याची कॉन्फिग फाइल पीएचपी.आयएनआय नव्या फोल्डरमध्ये नव्याने येते. जुन्या फाइलमध्ये अपलोडची मर्यादा 64 एमबी केलेली असली तरी नव्यात ती मूळची 2 एमबी. द्राक्ष निर्यातदाराची 5 एमबीची स्कॅन पीडीएफ चढेना, की शिव्या मात्र नेटवर्कला!

एसएसएचचं (दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या सोयीचं) जरा जपून. तिथली मुख्य फाइल डीपीकेजी नाही, तर यूसीएफ हे वेगळं साधन सांभाळतं, त्यामुळे बदललेल्या फाइली दाखवणाऱ्या डेबसम्सच्या यादीत ती दिसत नाही. 18.04 ची जुनी फाइल ठेवलीत तर तिच्यात ‘इन्क्लूड’ची ओळ नसते, मग एसएसएचडी_कॉन्फिग.डी या जादा सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये तुम्ही काहीही टाका, वाचलंच जात नाही. ती ओळ स्वतः घालायची तर सगळ्यात वर, कारण एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर) पहिली भेटलेली किंमत धरतो. मायएसक्यूएलचं उलट, तिथे नंतरची टिकते. रीस्टार्टआधी फाइल तपासायला ‘एसएसएचडी -टी’ (लहान टी) चालवा आणि चालू सेशन उघडंच ठेवा, नाहीतर मॉनिटर-कीबोर्ड घेऊन थेट सर्व्हरपाशी सातपूर गाठावं लागेल. एसएसएचवरून अपग्रेड करत असाल तर 1022 पोर्टही फायरवॉलमध्ये उघडा.

अपग्रेड झालं की ईटीसी या कॉन्फिग फाइलींच्या फोल्डरमध्ये .डीपीकेजी-डिस्ट आणि .यूसीएफ-डिस्ट शेपटीच्या फाइली शोधा. तुम्ही ‘एन’ म्हटलेल्या नव्या फाइली तिथेच पडलेल्या असतात. ‘वाय’ दाबून नवी घेतली असेल तर तुमची जुनी .डीपीकेजी-ओल्ड म्हणून सापडेल. अल्मालिनक्स या दुसऱ्या लिनक्सवर .आरपीएमन्यू आणि .आरपीएमसेव्ह बघा, तिथे तर कोणी विचारतही नाही. ईटीसीमधल्या बदलांची नोंद ठेवणारा ईटीसीकीपर आधीच बसवलेला असेल तर गिट डिफमध्ये सगळं एका जागी दिसतं.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. एकसारखी दहा मशीन असतील आणि एकावर हे सगळं तपासून झालं असेल, तर उरलेल्या नऊवर डीपीकेजीला फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड हे न विचारता पुढे जाण्याचे पर्याय खुशाल द्या. नुसतं फ्रंटएंड नॉनइंटरॅक्टिव्ह करून भागत नाही; तो पॅकेज बसवताना सेटिंग्ज विचारणाऱ्या डेबकॉन्फचे प्रश्न गप्प करतो, डीपीकेजी आपला प्रश्न विचारतोच आणि स्क्रिप्ट तिथेच अडकते.