तिला पाणी दाखवू नका

आम्ही लातूरचे. 2016 च्या एप्रिलात ज्यांच्यासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेच आम्ही. त्याच्या आधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, म्हणजे घागर घेऊन पाच जण जमले की गुन्हा. तेव्हापासून आमच्या घरी दूध सांडलं तर 'असू दे' म्हणतात आणि पाणी सांडलं तर बोलणी बसतात. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, पाहुण्यांनी अर्धा ठेवलेला ग्लास, सगळं एका पिवळ्या बादलीत जमा होतं आणि त्या बादलीची मालकीण आमची आई.

अशा घरात बायकोला फुलझाड पाहिजे होतं. मोगरा झाला, जास्वंद झाली, दोघंही मे महिन्यात गेले. मग नर्सरीवाला म्हणाला, साहेब बोगनवेल न्या, एकदा मुळं धरली की विसरून जा, हिला पाणी दाखवायचं सुद्धा नाही. मला तर ही बाई लातूरसाठीच जन्मलीय असं वाटलं. मुळात ती ब्राझीलकडची, पण माणूस कुठला का असेना, कमी पाण्यात भागवतो म्हटल्यावर आपलाच.

आईचा विरोध होता. काट्याचं झाड दारात लावलं की घरात भांडणं लागतात म्हणे. मी म्हटलं, हायवेच्या डिव्हायडरवर मैलोन्‌मैल हीच लावलीय, तिथं कोण भांडतंय? "तिथं राहतंय कोण भांडायला?" आई म्हणाली. तरी मी कंपाउंडच्या भिंतीला खड्डा करून लावलीच.

आणि मग जिचा विरोध होता तिनंच पिवळी बादली रोज तिच्या बुडाशी रिकामी करायला सुरुवात केली. आलं ना आता दारात, मग काय तहानलेलं ठेवायचं का, हा तिचा मुद्दा. त्यावर शेणखत. बोगनवेल अशी माजली की विचारू नका, पानं पालकासारखी हिरवीगार, फांद्या आठ-आठ फूट आणि फूल एक नाही. वर्ष गेलं, दुसरं गेलं. आई म्हणे, अशक्त आहे बिचारी, अजून एक बादली घाल.

शेवटी नर्सरीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, लाडानं बिघडवलीय तुम्ही. खतपाणी जास्त झालं की ती नुसती पानं काढत बसते. पानं माना टाकेपर्यंत थेंब द्यायचा नाही, तिला वाटलं पाहिजे की आता आपलं काही खरं नाही, मग फुलते. वर पाच-सहा तास कडक ऊन पाहिजे. मी हे सगळं आईला नीट समजावून सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे जीव घ्यायचा आणि वर फुलं मागायची? मी काय सावकार आहे का?"

मग मी बादलीवर पहारा ठेवला. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला आई वेलीच्या बुडाशी तांब्या घेऊन उभी दिसली. काय करतीयस विचारलं तर म्हणे चूळ भरत होते. तांब्याभर पाण्याची चूळ! पोराला हेर म्हणून नेमलं, तर तो आजीकडून चॉकलेट घेऊन फितूर झाला. मग वाटलं निदान छाटणी तरी करावी, म्हणून रविवारी कात्री घेऊन आत शिरलो आणि बाहेर आलो ते थेट धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायलाच गेलो. ते काटे अंगठ्याच्या पेरापेक्षा लांब असतात आणि तुम्ही मागं सरकलात की आत ओढतात.

फेब्रुवारीत शेजारच्या काकूंनी भिंतीवरून हाक मारली, "अहो, काय बहरलीय हो!" आमच्या बाजूला तर नुसती पानं आणि काटे, कारण आमच्याकडे कडुलिंबाची सावली. वेल मुकाट भिंत चढून त्यांच्या गच्चीवर गेली होती, तिथं दिवसभर ऊन, आणि तिथं हे एवढे गुलाबी झुपके. स्वतःच्या झाडाची फुलं बघायला आम्ही सहकुटुंब शेजारी गेलो. काकूंनी तिथं दोन खुर्च्या टाकल्या होत्या आणि स्टेटसला लिहिलं होतं 'माझी बाग'. मी उगाच माहिती सांगितली की काकू, ही गुलाबी फुलं नाहीतच, ती रंगीत पानं, फूल म्हणजे आतलं ते इवलंसं पांढरं. पण हा टोमणा त्यांना लागला नाही.

तसा या झाडाचा इतिहासच असला. नाव लागलं बोगनविल नावाच्या फ्रेंच दर्यावर्द्याचं, का तर 1766 ला निघालेली जगाच्या फेरीची मोहीम त्याची. झाड नोंदवलं त्याच्या मोहिमेतल्या कॉमर्सन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं, आणि त्याच्या पेट्या वाहणारी झान बारे ही बाई, बाईला जहाजावर बंदी म्हणून पुरुषाचे कपडे घालून चढलेली. झाड खरं तिनंच शोधलं असंही म्हणतात. म्हणजे बादल्या एकानं वाहायच्या आणि स्टेटस दुसऱ्यानं ठेवायचं, हे तेव्हापासून चालू आहे.

मार्चमध्ये ते सगळं गुलाबी वाळून गळायला लागलं आणि कागदाच्या कपट्यांसारखं काकूंच्या गच्चीभर उडायला लागलं. परत भिंतीवरून हाक. "अहो, तुमच्या झाडाचा कचरा किती झाडायचा आम्ही?" बहरली तेव्हा माझी बाग, गळली की तुमचं झाड. त्यावर आमची बायको काहीतरी बोलली, त्यावर काकू काहीतरी बोलल्या, आणि आता महिना झाला, दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. आई माझ्याकडं नुसतं बघते. 'काट्याचं झाड' एवढंही म्हणत नाही.

पण वेल तिकडंच का फुलली याचं आईचं निदान वेगळं आहे. ऊन वगैरे तिला पटत नाही. "ती बाई गुपचूप पाणी घालत असणार वरून, उगंच कुणी परक्याकडं फुलत नाही." तेव्हा सध्या आमच्याकडं पिवळ्या बादलीच्या जोडीला एक निळी आलीय.