शेजारच्या गावाच्या नावावर खपवलेला पिक्चर

काल रात्री दीड वाजेपर्यंत जागून एकदाचा 'गमो' हा पिक्चर बघितला. आता झोप उडालीच आहे तर लिहूनच टाकतो.

ओहायोत डेटनला राहून सात वर्षं झाली, झीनिया नावाचं गाव इथून पंचवीसेक किलोमीटर, उन्हाळ्यात महिन्यातनं दोनदा तरी सायकल काढून तिकडे जातो, सगळे सायकल ट्रेल जिथे एकत्र येतात त्या जुन्या रेल्वे स्टेशनसारख्या बांधलेल्या बिल्डिंगपाशी बसून पोळीभाजी खातो, आणि या गावाच्या नावावर एवढा बदनाम पिक्चर आहे हे मला कळलं कधी तर परवा, तेही पुण्यातल्या मित्राकडून. "अरे तू त्या मांजरं मारणाऱ्या गावाजवळ राहतोस ना?" म्हणे. मी म्हटलं कसली मांजरं!

१९९७ चा पिक्चर, दिग्दर्शक हार्मनी कोरीनचा पहिलाच, तेव्हा तो विशीतला पोरगा. स्टोरी शोधू नका, नाहीये. दोन पोरं सायकलवर फिरून भटकी मांजरं मारतात, विकतात (मांजरं खोटी होती, घाबरू नका), आलेल्या पैशात गम हुंगतात. गुलाबी सशाचे कान घातलेला एक उघडा मुलगा पुलावर नुसता उभा. एका किचनमध्ये दारू प्यायलेली माणसं जमलीत आणि त्यातला एकजण चक्क खुर्चीशी कुस्ती खेळतो, आणि खरं सांगू, तो सीन मी दोनदा बघितला, कारण रिकाम्या संध्याकाळी माणसाच्या अंगात साचलेल्या रागाचं करायचं काय, हे इतकं सरळ मी कुठे बघितलेलं नाही.

आणि तो बाथटबचा सीन. काळपट घाण पाण्यात पोरगा बसलाय, आई त्याच्या डोक्याला शाम्पू लावतेय आणि तो तिथेच स्पॅगेटी खातोय, चॉकलेट पाण्यात पडतं ते उचलून खातो, मागे भिंतीवर बेकनचा तुकडा चिकटपट्टीने लावलेला. वर्नर हर्झोग हा मोठा जर्मन दिग्दर्शक त्या बेकनवर फिदा झाला होता म्हणे. मला मळमळलं. तिकडे न्यूयॉर्क टाइम्सची समीक्षक जॅनेट मॅस्लिनने ऑक्टोबरातच लिहून टाकलं होतं की वर्षातला सगळ्यात वाईट पिक्चर हाच, डिसेंबरची वाट बघायचीही गरज नाही.

मी तिच्या बाजूने नाही पूर्ण. शूटिंगच्या वेळचा एक किस्सा आहे, एका घरात एवढी झुरळं आणि घाण होती की क्रूच्या लोकांनी पांढरे प्रोटेक्टिव्ह सूट घातल्याशिवाय आत जायला नकार दिला. म्हणजे बघा, कॅमेरावाल्यांना सूट, आणि घरातली माणसं तिथे रोज जेवतात, झोपतात. त्यामुळे 'एवढं घाण कशाला दाखवायचं' हे मला पटत नाही, घाण सेटवर बनवलेली नव्हती, ती होतीच.

माझं दुखणं वेगळंच आहे. ते घर झीनियातलं नाहीच! सगळं शूटिंग नॅशव्हिलला, टेनेसीत. कोरीन स्वतः तिथेच वाढलेला, त्याने आपल्या गावची गल्ली दाखवली आणि पाटी लावली दुसऱ्याच्या गावाची, का, तर तिथे टॉर्नेडो झाला होता. पिक्चर सुरू होतो तोच त्या वादळावर, की बघा, वादळ येऊन गेलं आणि मग माणसं अशी झाली. अरे पण कुठे झाली अशी?

३ एप्रिल १९७४. तीसच्या वर माणसं गेली, जवळजवळ अर्धं गाव मोडलं, गावात तेव्हा धोक्याचा भोंगासुद्धा नव्हता. हायस्कूलमध्ये पोरं नाटकाची तालीम करत होती, ती स्टेजवरनं पळाली आणि मागोमाग स्कूलबस उडून त्याच स्टेजवर येऊन पडली. असला शॉट कोरीनला सुचला नसता. नंतर गाव पुन्हा बांधलं लोकांनी. झीनिया म्हणजे ग्रीकमध्ये पाहुणचार, आणि हे पाहुणे आले नाव घ्यायला!

ऑफिसात एक साठीचा कलीग आहे, झीनियाचाच. आज लंचला त्याला विचारलं, बघितलायस का रे. पूर्ण नाही म्हणाला, लावला होता एकदा, बायकोने दहा मिनिटांत बंद करायला लावला. मग मी त्याला बाथटबचा सीन सांगायला लागलो तर तो मधेच म्हणाला, त्या दिवशी आईने मला आणि बहिणीला बाथटबमध्ये झोपवलं, वरनं गादी टाकली आणि गादीवर स्वतः पडली. छप्पर गेलं, टब जागेवर राहिला.

मग तो डबा धुवायला उठला. माझी पोळी तशीच राहिली होती.