दाढ काढली, चट्टा राहिला
दंतवैद्यांना तोंडाच्या कॅन्सरची लक्षणं पाठ असतात, पण रोजच्या तपासणीत ती शोधली जात नाहीत, हा लेखातला मुद्दा शंभर टक्के पटला. आमचे मामा भांडुपचे, ३० वर्षं डाव्या गालात तंबाखू-चुना. दाढ ठणकली म्हणून गेले. दाढ काढली, गोळ्या दिल्या, पैसे घेतले. शेजारचा पांढरा चट्टा कुणी बघितलाच नाही. पुढे साधी आमटीसुद्धा झोंबायला लागली, तोंडात तीन बोटं उभी जाईनात, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांचा पहिला प्रश्न, "मामा, बार कुठल्या बाजूला भरता?" मग कापसाच्या पट्टीनं जीभ धरून दोन्ही कडा पाहिल्या, जिभेखाली पाहिलं, मानेत गाठी चाचपल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत! बायोप्सीला (चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला) परळला टाटा हॉस्पिटलला धाडलं. कॅन्सर नव्हता, पण त्याच्या आधीची पायरी होती. (मामांनी तंबाखू सोडली म्हणतात. मामीचा विश्वास नाही.)

गुटखाबंदी २०१२ची, पुड्या आजही मिळतात, ते सोडा. पण तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तर दाखवा, एवढं दवाखान्याच्या भिंतीवर लिहायला काय जातं? दात पांढरे करायचे दर तिथे ठळक लावलेले असतात.